सडपातळ मनोरा आणि ‘बिग ॲपल’

प्रिय हेमंत,

सप्रेम नमस्कार.

न्यूयॉर्कच्या ५७ व्या रस्त्यावरची ती किडकिडीत इमारत वाऱ्यात उभी कशी राहते आणि या शहराला ‘बिग ॲपल’ का म्हणतात, हे दोन्ही तू एकाच दमात विचारलंस. दोन्हींची उत्तरं लोक छातीठोकपणे देतात आणि बहुतेकदा चुकीची देतात. इमारत म्हणे इंजिनिअरांच्या हौसेपोटी बारीक, आणि नाव म्हणे कुंटणखाना चालवणाऱ्या ईव्ह नावाच्या कुणा बाईवरून. खरी उत्तरं जरा रुक्ष आहेत, पण मला तीच जास्त आवडतात.

इमारतीचा पत्ता १११ वेस्ट ५७ वा रस्ता, बोलीतलं नाव स्टाइनवे टॉवर. उंची ४३५ मीटर, मजले ८४, रुंदी जेमतेम १८ मीटर. म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण १:२४. तीस सेंटिमीटरची फूटपट्टी सव्वा सेंटिमीटर रुंद असती आणि ती टेबलावर उभी केली असती, तर जे दिसलं असतं ते हे. स्ट्रक्चरल इंजिनिअर साधारण १:१० च्या पुढे गेलं की इमारत सडपातळ धरायला लागतात, यावरून अंदाज कर. शॉप आर्किटेक्ट्सनी आराखडा केला, डब्ल्यूएसपी या इंजिनिअरिंग कंपनीने स्ट्रक्चर सांभाळलं, आणि २०२२ मध्ये काम पुरं झालं. एवढ्या उंचीत घरं किती, तर टॉवरमध्ये ४६ आणि शेजारच्या जुन्या इमारतीत १४.

आता बारीक का? तर महापालिकेच्या नियमांमुळे. मॅनहॅटनच्या या पट्ट्यात उंचीवर सरसकट मर्यादा नाही. मर्यादा आहे ती एकूण चटईक्षेत्रावर, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या मिळून क्षेत्रफळावर. शेजाऱ्याने त्याच्या वाट्याचं चटईक्षेत्र वापरलं नसेल, तर भूखंड कागदोपत्री एकत्र करून ते विकत घेता येतं. त्याला ‘एअर राइट्स’ म्हणतात. इथे शेजारी होता १९२५ चा स्टाइनवे हॉल, पियानोवाल्यांची जुनी वास्तू. ती वारसा यादीत असल्यामुळे पाडता येत नाही, पण तिच्या डोक्यावरचा न वापरलेला हक्क टॉवरमध्ये ओतता येतो. आता हातात ठरावीक चौरस फूट आहेत, जागा चिंचोळी आहे आणि सेंट्रल पार्कचं दर्शन जितकं वरून तितकी किंमत जास्त. मग बिल्डर काय करणार? एका मजल्यावर एकच घर, छत उंच आणि मधेमधे यंत्रांचे मजले. छताच्या उंचीला चटईक्षेत्र लागत नाही आणि यंत्रांचे मजले मोजणीतच येत नाहीत. या शेवटच्या पळवाटेचा इतका सुकाळ झाला, की २०१९ मध्ये शहराने अनेक निवासी भागांत २५ फुटांपेक्षा उंच यांत्रिक पोकळी चटईक्षेत्रात धरायचा नियम केला. उशीरच झाला म्हणायचा.

पडण्याची भीती मात्र मनातून काढून टाक. खाली मॅनहॅटनचा कठीण शिस्ट खडक आहे आणि पाया पोलादी नांगरांनी, म्हणजे रॉक अँकरनी, त्या खडकात बांधलेला आहे. पूर्वेला आणि पश्चिमेला पायापासून वरपर्यंत काँक्रीटच्या दोन शिअर वॉल, म्हणजे वाऱ्याचा आडवा रेटा पेलणाऱ्या भिंती, आहेत. वारा रेटतो तेव्हा एका बाजूची भिंत दाबली जाते आणि दुसरी उचलली जायला बघते. तिला धरून ठेवायचं काम अँकरचं. काँक्रीटची ताकद १४,००० पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच) आहे, म्हणजे सुमारे ९६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. साध्या इमारतीत २५-३० असते. भिंती कडेला गेल्यामुळे पार्ककडची उत्तर बाजू काचेला मोकळी मिळाली. बाहेरून पाहशील तर पूर्व-पश्चिमेला टेराकोटा आणि ब्राँझची जाळी दिसेल, आणि उत्तर-दक्षिणेला काच. नक्षी म्हणून लोक जिचे फोटो काढतात, तिच्यामागे नेमकी शिअर वॉल आहे.

खरा त्रास हलण्याचा. आणि गंमत अशी की इमारत वाऱ्याच्या दिशेने जेवढी हलते, त्याहून जास्त आडवी हलते. वारा समोर आदळला की मागे भोवरे सुटतात, एकदा डाव्या कडेला, एकदा उजव्या. त्यांच्या सुटण्याचा ताल इमारतीच्या स्वतःच्या डुलण्याच्या तालाशी जुळला, की डुलणं वाढतच जातं. हिशेब कागदावर करून बघ: धोक्याचा वेग म्हणजे रुंदी भागिले (०.१२ गुणिले एका हेलकाव्याचा वेळ). हे ०.१२ चौकोनी आकारासाठी साधारण चालतं. रुंदी १८ मीटर आणि हेलकावा आठ सेकंदांचा धरला (हा आकडा फक्त उदाहरणापुरता), तर उत्तर येतं सेकंदाला पावणेएकोणीस मीटर, ताशी ६७ किलोमीटर. चारशे मीटर उंचीवर एवढ्या वाऱ्याला वादळ लागत नाही. रुंद इमारतीत हाच वेग इतका वर जातो की तो क्वचितच गाठला जातो, म्हणून तिथे हे दुखणं एवढं छळत नाही.

यावर दोन उपाय. पहिला, भोवऱ्यांना एकसुरात येऊ द्यायचं नाही. स्टाइनवे टॉवर दक्षिणेकडून पायरी-पायरीने आत घेत नेलाय. प्रत्येक उंचीला इमारतीची दक्षिणोत्तर जाडी वेगळी, त्यामुळे भोवऱ्यांचा ताल वेगळा. जवळच्या ४३२ पार्क ॲव्हेन्यूला (४२६ मीटर, १:१५) पायऱ्या नाहीत, तो सरळसोट चौकोन. तिथे दर बारा मजल्यांनंतर दोन मजले उघडे सोडून वाऱ्याला वाट दिली आहे.

दुसरा उपाय म्हणजे ट्यून्ड मास डॅम्पर. स्टाइनवे टॉवरच्या माथ्याजवळ सुमारे ८०० टनांचं वजन बसवलंय. इमारत एकीकडे झुकली की ते मागे रेंगाळतं, आणि मधले शॉक ॲब्सॉर्बर ती ऊर्जा उष्णतेत घालवतात. लोलकाच्या तत्त्वावर करायचा तर मीटरमधली लांबी म्हणजे हेलकाव्याच्या सेकंदांचा वर्ग भागिले चार. आठ सेकंदांना सोळा मीटर! सर्वांत महागड्या उंचीवरचे चार-पाच मजले नुसत्या लोलकाला कोण देणार? म्हणून तो दुमडून, एकात एक टांगून कमी उंचीत बसवण्याच्या युक्त्या निघाल्या. इथे चूक होते ती ताल लावण्यात. कागदावरचा हेलकावा आणि बांधल्यानंतरचा खरा हेलकावा तंतोतंत जुळत नाहीत, कारण काँक्रीट ठरल्यापेक्षा ताठ निघतं, फर्निचर-पार्टिशनचं वजन अंदाजापेक्षा वेगळं भरतं. म्हणून काम संपल्यावर हालचाल मोजणारे ॲक्सिलरोमीटर लावून खरा ताल मोजायचा आणि मग डॅम्पर जुळवायचा. पुढे काँक्रीटला बारीक भेगा पडून इमारत किंचित ढिली होते, तेव्हा पुन्हा जुळवायचा. बेसुरा डॅम्पर म्हणजे माथ्यावरचं निव्वळ ओझं.

एवढं करूनही राहणाऱ्यांच्या तक्रारी सुटत नाहीत. जोराचा वारा असला की लिफ्टच्या लांब दोरांनाही स्वतःचा हेलकावा लागतो, म्हणून लिफ्ट हळू करतात किंवा थांबवतात. पार्टिशनचे सांधे कुरकुरतात. तिथे सरकणारे जोड दिले नाहीत तर रात्रभर आवाज. थंडीत आतली गरम हवा लिफ्टच्या शाफ्टमधून वर धावते, तळमजल्यावर बाहेरची हवा आत खेचली जाते, दारं शिट्ट्या मारतात आणि लिफ्टचे दरवाजे नीट मिटत नाहीत. पाण्याचंही तेच: दर दहा मीटरला एक बार दाब, म्हणजे वरून थेट पाइप सोडला तर तळाला ४३ बार, आणि घरातला नळ पाच-सहा बारच्या बेताचा. त्यामुळे टाक्या टप्प्याटप्प्यावर ठेवाव्या लागतात.

आता सफरचंद. ईव्हच्या कुंटणखान्याची कथा विसाव्या शतकाच्या अखेरीला रचलेली थाप आहे. मंदीत रस्त्यावर सफरचंदं विकणाऱ्यांवरून नाव पडलं म्हणणाऱ्यांना फक्त तारीख दाखवायची: ते विक्रेते १९३० चे, नाव त्याआधीच छापून आलेलं. बॅरी पॉपिक आणि जेराल्ड कोहेन या शब्दांच्या अभ्यासकांनी जुन्या वर्तमानपत्रांची पानं चाळून हा माग काढला आणि तो घोड्यांच्या शर्यतीपाशी पोचला. ‘न्यूयॉर्क मॉर्निंग टेलिग्राफ’चा शर्यतींचा बातमीदार जॉन जे. फिट्झ जेराल्ड १९२१ पासून ‘बिग ॲपल’ लिहू लागला. १९२४ मध्ये त्याने आपल्या सदराच्या मथळ्यातच ते घातलं, आणि कुठून मिळालं तेही सांगितलं: न्यू ऑर्लिन्सच्या रेसकोर्सवर दोन कृष्णवर्णीय तबेलेवाले बोलत होते, एकाने पुढचा मुक्काम विचारला, दुसरा म्हणाला ‘बिग ॲपल’. गावोगावच्या फुटकळ शर्यती एकीकडे आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या बक्षिसांच्या शर्यती दुसरीकडे. घोड्याला सफरचंद आवडतं, तेव्हा सर्वांत मोठं सफरचंद कुठे, हे त्या धंद्यात वेगळं सांगावं लागत नसे. मला विशेष वाटतं ते फिट्झ जेराल्डचं. शब्द आपण घडवला असं त्याने म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? त्याने तबेलेवाल्यांचा उल्लेख केला. त्यांची नावं मात्र लिहिली नाहीत.

१९३० च्या दशकात जॅझवाल्यांनी ते उचललं, मग विस्मरणात गेलं. १९७१ मध्ये पर्यटन मंडळाच्या चार्ल्स जिलेटने ते जाहिरातीसाठी पुन्हा वर काढलं. शहराची पत तेव्हा घसरलेली, म्हणून गोजिरं लाल सफरचंद सोयीचं होतं. शहराचं दुसरं टोपणनाव ‘गॉथम’ तर याहून जुनं: १८०७ मध्ये वॉशिंग्टन आयर्व्हिंगने न्यूयॉर्ककरांना चिमटा म्हणून वापरलेलं, वेडेपणासाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या एका गावावरून.

तिकडे गेलास तर टॉवर पायथ्याशी उभं राहून बघू नकोस, मान दुखेल आणि शेंडा दिसणार नाही. सेंट्रल पार्कच्या शीप मेडोवरून त्याचा बारीकपणा दिसतो. पायऱ्या बघायच्या तर पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून बघ. मग टॉवरपासून पाच-सात मिनिटं चालत ५४ वा रस्ता आणि ब्रॉडवेच्या कोपऱ्यावर ये. फिट्झ जेराल्ड १९३४ पासून १९६३ पर्यंत तिथे राहत असे, आणि १९९७ पासून त्या कोपऱ्याचं अधिकृत नाव ‘बिग ॲपल कॉर्नर’ आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत

ता.क. थंडीत गेलास तर बर्फ पडून गेल्यावर लगेच त्या टॉवरखालच्या फुटपाथवरून जाऊ नकोस. उंच इमारतींच्या कडांवर बर्फाचे पापुद्रे धरतात आणि ऊन पडलं की सुटून खाली येतात. फुटपाथ पट्टी लावून बंद केला असेल, तर ती ओलांडू नकोस, पलीकडून जा.