राजाचे पाय आणि माझा सुटातला फोटो

प्रिय आई-बाबा,

आजीला नमस्कार सांगा. मी मजेत आहे, जेवतोय नीट, व्हिडिओ कॉलवर बारीक दिसतो तो इथल्या लाइटमुळे, त्यामुळे आई तू आता तो विषय काढू नकोस.

रविवारी लूव्रला, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या म्युझियमला गेलो होतो. बाबा, तिकिटाचं आधीच सांगतो, युरोपियन युनियनमध्ये राहणाऱ्या २६ वर्षांच्या आतल्यांना फुकट आहे. मोनालिसापुढे तोबा गर्दी, म्हणून सरळ फ्रान्सच्या राजाकडे, चौदाव्या लुईकडे गेलो. रिगो नावाच्या चित्रकाराने १७०१ मध्ये काढलेलं चित्र, पावणेतीन मीटर उंच, राजा वरूनच आपल्याकडे बघतो. तेव्हा त्याची साठी उलटलेली, वरचे दात गेलेले, गाल बसलेत ते चित्रातही दिसतं, पण खाली बघाल तर पांढऱ्या स्टॉकिंग्जमधले पाय विशीतल्या पोराचे! शिवाय लाल टाचांचे बूट, तो दरबारी लोकांचा मान. निळ्या झग्यावर सोनेरी लिलीची फुलं, आतून पांढरी फर, कमरेला जुन्या काळच्या शार्लमेन सम्राटाची म्हणून मानली जाणारी तलवार. राजदंड उलटा धरलाय, फिरायला जाताना काठी टेकवतात तसा, आणि मुकुट चक्क बाजूला उशीवर. डोक्यावर घालायची गरजच नाही, मला तोच सगळ्यात मोठा माज वाटला.

तिथल्या गार्डला काहीतरी विचारायला गेलो तर तो ढिम्म. इथे आधी बोंझूर, म्हणजे नमस्कार, म्हणायचं असतं. दुकानात शिरलात की बोंझूर, बसच्या ड्रायव्हरला बोंझूर, डॉक्टरकडे बसलेल्या अनोळखी पेशंटांनासुद्धा बोंझूर, आणि मग काम. डायरेक्ट कामाचं बोललात तर समोरचा थंडपणे स्वतःच बोंझूर म्हणतो, म्हणजे तुम्ही परत पहिल्यापासून सुरू करा. संध्याकाळी बोंस्वार, पण संध्याकाळ नक्की कधी लागते ते कोणी सांगत नाही. आणि त्याच माणसाला दिवसात दुसऱ्यांदा बोंझूर केलं तर सकाळचं विसरला का असं बघतात.

हां, ते चित्र खरं तर स्पेनचा राजा झालेल्या नातवासाठी काढून घेतलेलं, पण आजोबांना इतकं आवडलं की स्वतःकडेच ठेवलं. नातू १७०० च्या डिसेंबरात निघाला तो आजोबांना परत कधी भेटलाच नाही. हे आजीला सांगू नका. मी येणारच आहे, दिवाळीला नाही जमलं तर उन्हाळ्यात नक्की.

स्थळासाठी फोटो पाठवतोय. कोट रूममेटचा आहे, कमरेच्या खालचं कापलंय कारण पँट माझीच होती. ताईच्या साखरपुड्याला यायला जमत नाहीये, त्याच आठवड्यात परीक्षा आहे, तिला मी स्वतः सांगतो, तुम्ही आधी बोलू नका. हॉलचा ॲडव्हान्स मी भरतो, बाबा एफडी मोडू नका प्लीज. आणि आई, मुलीकडच्यांना मोठ्या पोस्टवर आहे असं सांगू नकोस, इंटर्नशिपच आहे अजून.

तुमचा,
पिंट्या