आईचं ओळखपत्र पदराखाली का?

माननीय संपादक,

स. न.

कचरावेचकांवर माहितीपट काढणाऱ्या ‘त्या’ मंडळींवरचा रविवारच्या पुरवणीतला पानभर लेख वाचला. उत्तर रविवारीच लिहायला घेतलं होतं, पण ते आपल्याला छापता आलं नसतं. आज जरा शांत झाले आहे.

लेखात ‘आवाज नसलेल्यांना आवाज दिला’ हे वाक्य तीनदा आलंय. मोजलं मी. माझ्या आईने पुण्यात ३० वर्षं कचरा वेचला. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि भंगारवाल्याने काटा मारला तर त्याच्याही पलीकडे. तो तिला कुणी दिलेला नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडेही अशीच मंडळी आली होती. सज्जन माणसं, चपला दाराबाहेर काढणारी. आईने दोन तास मुलाखत दिली. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना सुरू झाली तेव्हा मला कडेवर घेऊन कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांना ऐकायला कशी गेली, गळ्यात ओळखपत्र आल्यावर सोसायटीच्या वॉचमनचं ‘ए बाई’चं ‘मावशी’ कसं झालं, पतपेढीचं कर्ज काढून घरावर पत्रे कसे घातले, सगळं सांगितलं. मधेमधे हसत होती.

मग म्हणाले, कामाचे दोन शॉट घेऊ. आई आंघोळ करून बसलेली. तिला सकाळची मळकी साडी पुन्हा नेसायला लावली. हातमोजे उतरवायला सांगितले, ‘नॅचरल वाटत नाही’ म्हणून. आणि गळ्यातलं ओळखपत्र पदराखाली सरकवायला लावलं. ज्यासाठी ही बाई मोर्च्यात चालली, तेच! आईने मुकाट्याने सरकवलं. दारी आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

‘पूर्ण झाला की दाखवायला येऊ’ म्हणाले. आले नाहीत. पुढे मैत्रिणीसोबत एका सभागृहात गेले, तिथे योगायोगाने तो माहितीपट पाहायला मिळाला. दोन तासांच्या बोलण्यातली ११ सेकंदं. आई कंटेनरपाशी वाकलेली, कपाळावर हात, मागे सारंगी. (घाम पुसत होती हो ती, नशिबाला बोल लावत नव्हती.) ‘आमच्यासाठी तो कचरा नाही, माल आहे’ असं ती म्हणते, आणि खाली इंग्रजीत येतं, ‘आम्ही कचऱ्यात जगतो’. तिच्या मुलीला इंग्रजी वाचता येत असेल, हे बहुधा त्यांच्या हिशेबात नव्हतं.

माहितीपट काढूच नयेत असं माझं म्हणणं नाही. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात (१९८५) एक बाई खुद्द पटवर्धनांनाच फैलावर घेते, आमची चित्रं काढून आम्हाला काय मिळणार म्हणून. त्यांनी ते कापलं नाही. मुंबईत रमाबाई नगरला १९९७ साली झालेल्या पोलीस गोळीबारानंतर हाती घेतलेला त्यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा व्हायला १४ वर्षं लागली, आणि मग तो वस्त्यांमध्ये जाऊन दाखवला. आमच्याकडे साधा पेन ड्राइव्ह आला नाही.

आणि ‘वस्तीतल्या बायकांच्या हाती कॅमेरा : एक अभिनव प्रयोग’ ही आपली चौकट! अहो, अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने १९८४ साली भाजी विकणाऱ्या बायकांना व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकवला. त्यांतल्या काहींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. ४० वर्षं झाली. अजून किती दिवस अभिनव राहणार आहे?

फोटोखाली माहितीपटकारांचं पूर्ण नाव आहे, छायाचित्रकाराचंही आहे. शेजारी उभी असलेली मात्र ‘एक कचरावेचक महिला’. तिला नाव विचारायला कितीसा वेळ लागला असता?

जाता जाता : वाचकांच्या पत्रांची जागा मागच्या आठवड्यापासून अर्धी झाली आहे आणि उरलेल्या जागेत प्लॉटची जाहिरात असते. तेव्हा हे पत्र कापायचंच असेल तर पटवर्धन कापा, ‘सेवा’ कापा. आईचा भाग राहू द्या. तिला वाचून दाखवायचा आहे.

एक नियमित वाचक,
पर्वती पायथा, पुणे

(नाव-पत्ता सोबत जोडला आहे, पण छापू नये. आईचं म्हणणं पडलं, ‘त्या पोरांनी वाचलं तर त्यांना वाईट वाटेल.’)