काका, त्या लाल गाडीपासून तुम्ही मला वाचवलंत

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गाडी घेतली त्याला आता सहा महिने झाले. समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही “अरे, त्यात काय एवढं” म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता यावं असं. जुनी, छोटी जपानी स्पोर्ट्स कार घ्यायचं ज्याच्या मनात असेल त्याच्या हाती हे पडलं, तर तुम्ही मला शिकवलंत ते त्याच्याही उपयोगी पडेल.

पॉप-अप, म्हणजे लावले की वर उघडणाऱ्या हेडलाइटवाली, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. घ्यायची तर हीच, हे माझं शाळेत असल्यापासून ठरलेलं. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा जगासमोर आली, जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावानं विकली गेली, आणि १९९७ मध्ये ही पिढी बंद झाली. हे सगळं मला पाठ होतं. गाडी कशी बघायची, ते मात्र अजिबात माहीत नव्हतं.

ती पहिली लाल गाडी आठवते ना? रंग आरशासारखा, उघडता येणारा कापडी टप नवा, सीटसुद्धा नव्यानं शिवलेल्या. मी मनातल्या मनात ती घेऊनही टाकली होती. तुम्ही मालकाला नमस्कार केलात आणि पहिला हात बॉनेटवर ठेवलात. “गरम आहे,” एवढंच म्हणालात. आम्ही पोहोचायच्या आधीच इंजिन चालवून ठेवलं होतं. थंड इंजिन चालू होताना जे बोलतं ते आपल्याला ऐकायलाच मिळणार नव्हतं.

मग तुम्ही खिशातून लोहचुंबक काढून माझ्या हातात दिलंत. मी ते बॉनेटला लावलं, चिकटेना, आणि माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही शांतपणे सांगितलंत, “बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, तिथे चिकटणार नाही. खाली बस, मागच्या चाकाच्या पुढे लाव.” दाराखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या पट्टीवर मी ते सरकवत नेलं. अर्ध्यापर्यंत घट्ट धरत होतं. शेवटच्या वीतभर जागेत ते हातातून गळून पडलं. तिथे पत्रा नव्हताच, नुसती लांबी, म्हणजे भोकं-खड्डे बुजवायचा लेप, भरून वरून रंग मारला होता.

तरी तुम्ही थांबला नाहीत, कारण मला अजून पटलेलं नव्हतं. तुम्ही सीट पुढे सरकवल्या, मागचं कार्पेट उचललंत आणि सीटबेल्टच्या खांबाजवळ टपाचं पाणी जिथे उतरतं तिथे बाटलीनं हळूहळू पाणी ओतलंत. उजवीकडचं पाणी मागच्या चाकाच्या पुढून खाली आलं. डावीकडे आपण दोघं वाकून बघत राहिलो. एक थेंब आला नाही. त्या बारीक नळीत वर्षानुवर्षं पानं-माती साचते, पाणी तुंबतं आणि आतून पत्रा खात राहतं. बाहेरून दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. या गाड्या मरतात त्या इंजिनानं नाही, या पाण्यानं, हे मला त्या दिवशी कळलं.

परतताना मी गप्प होतो. तुम्ही म्हणालात, “रंग कधीही देता येतो. पत्रा आहे का ते बघायचं.” दुसऱ्या कुणी हे ऐकवलं असतं तर मला राग आला असता.

त्यानंतरच्या दोन गाड्यांबद्दल लिहीत नाही, दारातूनच परतलो होतो. चौथी ही निळी. रंग उडालेला, टपाची मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडलेली. मी बघताक्षणी नाक मुरडलं. पण चुंबक शेवटपर्यंत चिकटून राहिलं आणि दोन्हीकडून पाणी स्वच्छ आलं. मग तुम्ही टॉर्च घेऊन इंजिनाच्या पुढच्या बाजूला वाकलात आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरच्या खाचा मोजायला लावल्यात. आठ. सुरुवातीच्या १.६ लिटरच्या इंजिनांत या पुलीवर चार खाचा असतात, त्यांच्या क्रँकचं टोक आखूड असतं, आणि पुलीला जागेवर धरणाऱ्या छोट्या चावीची खाच झिजून पुली हलायला लागली की क्रँकच हातचा जातो. ही त्यानंतरची १.६ निघाली. चालू करताच टॅपेटची, म्हणजे वाल्व ढकलणाऱ्या भागांची, टकटक आली आणि मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही बोट वर करून थांबायला सांगितलंत. थोड्या वेळात तेल चढलं, आवाज विरला. टायमिंग बेल्ट, म्हणजे वाल्व वेळेवर उघडायला लावणारा पट्टा, कधी बदलला याची पावती नव्हती, त्यावर म्हणालात, “आल्या आल्या बदलून घे. या इंजिनात बेल्ट तुटला तरी वाल्व पिस्टनवर आदळत नाहीत, पण रस्त्यात अडकशील.”

मला १.८ लिटरची हवी होती, जास्त ताकदीची. तुम्ही वाद घातला नाहीत, मला स्टिअरिंगवर बसवलंत. अश्वशक्ती शंभराच्या थोडी वर, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. गिअरचा दांडा एवढासा, नुसतं मनगट हललं की गिअर पडतो. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक सलग चौकट आहे, म्हणून पाय दाबताच गाडी मध्ये ढिली न पडता उत्तर देते, हे तुम्ही शेजारी बसून समजावत होतात. (आणि त्या चौकटीखाली जॅक कधीही लावायचा नाही, हेही दोनदा बजावलंत.) जपानी लोक याला जिंबा इत्ताई म्हणतात, घोडा आणि स्वार एक होणं. हा शब्द मी कितीदा वाचला होता. त्या वळणावर, तिसऱ्या गिअरमध्ये, तो मला पहिल्यांदा कळला. उतरल्यावर मी १.८ चं नाव काढलं नाही.

काका, तुमचे चार रविवार गेले. गुडघा दुखत असताना तुम्ही गाड्यांखाली शिरलात. मी पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही नुसता हात हलवलात. गाडी मला कुणीही शोधून दिली असती. जी घ्यायची नाही तिच्यापासून हाताला धरून दूर नेणारं माणूस मला तुमच्या रूपानं भेटलं. त्याबद्दल मनापासून आभार.

टप पाडायच्या आधी मागच्या खिडकीची चेन उघडून ती सपाट ठेवतो, तुम्ही दाखवलं तसंच. नवी खिडकी अजून स्वच्छ आहे. टायमिंग बेल्टही बदलला. आणि नळ्या साफ करायला तुम्ही दिलेली ती नायलॉनची तार डिकीत बॅटरीशेजारी गुंडाळून ठेवली आहे. आज सकाळी दोन्ही बाजूंना घालून बघितली. डावीकडून एक वाळलेलं पान निघालं, मग पाणी सरळ खाली आलं.

तुमचा,
निळ्या गाडीवाला