लोपाखिनबद्दल तुला लिहायचंच होतं

प्रिय मित्रा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. या सत्रात आम्हाला रशियन नाटककार चेखॉव्हचं 'चेरीची बाग' हे नाटक लावलंय आणि महिनाभर मी त्यातच आहे. काल तिसऱ्यांदा वाचून संपवलं. तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

गोष्ट तुला माहीत आहेच. जमीनदारीण रानेव्हस्काया पाच वर्षांनी पॅरिसहून घरी येते. जमीनजुमला कर्जात बुडालाय, २२ ऑगस्टला लिलाव आहे. व्यापारी लोपाखिन पहिल्याच अंकात वाट दाखवतो: बाग तोडा, प्लॉट पाडून उन्हाळी बंगल्यांसाठी भाड्यानं द्या, वर्षाला २५,००० रुबल येतील. बाईंना ते पटतच नाही. त्यांचा भाऊ गाएव्ह तर शंभर वर्षांच्या जुन्या कपाटापुढे भाषण करतो! शेवटी कर्जावर ९०,००० चढवून बाग घेतो तो लोपाखिनच. त्याचे बाप-आजे याच घरचे भूदास होते, त्यांना स्वयंपाकघरातसुद्धा पाऊल टाकता येत नसे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. मी चुकलो होतो. चेखॉव्हचा आजाही भूदासच, १८४१ मध्ये पैसे भरून त्यानं घरादाराला सोडवलं. लोपाखिन हा सभ्य, भला माणूस दिसला पाहिजे, असं चेखॉव्हनं बजावलं होतं आणि ती भूमिका दिग्दर्शक-नट स्तानिस्लाव्हस्कीनंच करावी अशी त्याची इच्छा होती. स्तानिस्लाव्हस्कीनं गाएव्ह केला. १९०४ च्या जानेवारीत, चेखॉव्हच्या ४४ व्या वाढदिवशी, पहिला प्रयोग झाला. जुलैत तो गेलाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. नाटक सुरू होतं तेव्हा लोपाखिन एक आठवण सांगतो. तो पंधराएक वर्षांचा असताना दारू प्यायलेल्या बापानं ठोसा मारून त्याचं नाक फोडलं. तरुण रानेव्हस्कायानं त्याला याच खोलीत आणून तोंड धुवायला लावलं आणि म्हणाली, "रडू नकोस रे, लग्नापर्यंत बरं होईल."

आता चौथा अंक बघ. सामान बांधून झालंय. आज लोपाखिन रानेव्हस्कायाच्या मानलेल्या मुलीला, वार्याला, मागणी घालणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंनीच दोघांना एकटं सोडलंय. वार्या गाठोड्यांत काहीतरी शोधत राहते. तो विचारतो, आता कुठे जाणार? मग हवेवर येतो: गेल्या वर्षी या दिवसांत बर्फ होतं, आज ऊन आहे, पण गारठा शून्याखाली तीन अंश. ती म्हणते, "मी पाहिलं नाही. आणि आमचा थर्मामीटर मोडलाय." बाहेरून कुणीतरी हाक मारतं. तो लगेच निघून जातो, जणू या हाकेचीच वाट पाहत होता. ती जमिनीवर बसून कपड्यांच्या गाठोड्यावर डोकं टेकवून हलकेच हुंदके देते.

बाग घेतली, पण लग्न झालंच नाही. ते नाक बरं झालं का रे? आमचे सर म्हणतात, त्याला सवड नाही, धंदा डोक्यात आहे. मला वाटतं, त्याचं मन अजून त्याच खोलीत, रानेव्हस्कायापाशी आहे. १८६१ च्या भूदासमुक्तीच्या कायद्यानं माणसं मोकळी झाली खरी, पण घरचा म्हातारा नोकर फिर्स त्या मुक्तीला आजही 'संकट' म्हणतो, आणि लोपाखिन मालक झाल्यावरही तिच्यापुढे रडवेला होऊन विचारतो, माझं ऐकलं का नाहीत?

पुढच्या आठवड्यात वर्गात वाचन आहे. लोपाखिन मी मागून घेतलाय. 'थर्मामीटर मोडलाय' नंतर किती थांबायचं, तेच कळत नाहीये. तू तो प्रसंग एकदा मोठ्यानं वाचून बघ आणि लगेच कळव.

तुझाच