पाच मिनिटांच्या रॉकेटबद्दल

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "पाच मिनिटांसाठी अख्खं रॉकेट कशाला?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

सूर्याचे तीव्र अतिनील किरण हवेत वरच्या वरच शोषले जातात. ते मोजायचे तर वरच जायला हवं. नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या उपग्रहावरचं 'ईव्ह' हे उपकरण २०१० पासून हेच करतंय. पण त्याच किरणांमुळे आरशांवर, गाळण्यांवर कार्बनचा थर धरतो आणि आकडे उतरू लागतात. मग सूर्य मंदावला की उपकरण, हे कसं ठरवायचं? दुकानातली वजनं तुम्ही वजनमापे खात्यातून तपासून, शिक्का मारून आणायचात. उपग्रह खाली आणता येत नाही, म्हणून तसलंच दुसरं उपकरण तपासून रॉकेटनं वर जातं आणि तिथल्या पाच मिनिटांत दोघं एकाच वेळी सूर्य मोजतात.

ही तपासणी मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गला, 'सर्फ' यंत्रावर होते. मला तिथलं काम फार आवडतं. निर्वात कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात आणि प्रकाश सोडतात. त्यांची ऊर्जा, संख्या आणि चुंबकाचा जोर कळला की कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश येणार, ते थेट गणितानं निघतं. इलेक्ट्रॉन अगदी मोजके उरले, की एकेक गळताना प्रकाश पायरी-पायरीनं उतरताना दिसतो. त्यावरून ते चक्क मोजता येतात!

उड्डाण न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सहून. जर्मनांकडून आणलेल्या व्ही-२ रॉकेटनं ऑक्टोबर १९४६ मध्ये सूर्याचा अतिनील वर्णपट पहिल्यांदा टिपला, तो तिथूनच. आमचं रॉकेट तीनशे किलोमीटरच्या आसपास जातं आणि उपकरण पॅराशूटनं खाली येतं.

आई, स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक डोक्यावर पडणार म्हणून १९७९ मध्ये गावात उडालेली घबराट तू सांगायचीस ना? तेव्हा सूर्य अंदाजापेक्षा जास्त तापट निघाला होता. या किरणांनी वरची हवा तापून फुगली आणि स्कायलॅबला खाली ओढत गेली. आज त्याच हवेतून कितीतरी उपग्रह फिरतात. त्यांचा मार्ग सांगायचा तर सूर्याचा आकडा खरा हवा. त्यासाठी पाच मिनिटं पुष्कळ झाली, बाबा.

खाली आलेलं उपकरण उड्डाणात बदललं का, हे पाहायला ते पुन्हा सर्फवर लावावं लागतं. ते काम नेमकं गणपतीत आलंय, त्यामुळे यंदा आरतीला व्हिडिओ कॉलवरच असेन. दिवाळीला मात्र येतेय. आई, गुडघ्याचे व्यायाम चुकवू नकोस.

तुमची,
मनू