विषाणू नव्हे, जिवाणू!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘डीएनए पकडणार रोगाचा चोर’ हा लेख वाचला. चोर पकडा, पण त्याची जात तरी नीट लिहा! टायफॉइडच्या जंतूला तीनदा ‘विषाणू’ म्हटले आहे. तो जिवाणू आहे हो. जंतूंमधला फरक ओळखण्यावरच्या लेखात हे व्हावे? नववी-दहावीला मी तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले, सहामाहीत एवढ्यासाठी अर्धा गुण कापत असे.

आणि लेखात म्हटलेला ‘नुकताच लागलेला शोध’ कुठला? जंतू ओळखणाऱ्या खुणा, म्हणजे डीएनएचे सूक्ष्म ‘नॅनो’ बारकोड, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डॅन लुओ यांच्या चमूने २००५ सालीच केले. एका जंतूच्या खुणेला लाल रंग जास्त, हिरवा कमी. दुसऱ्याच्या खुणेला उलट. जंतूच्या डीएनएशी धाटणी जुळली तरच खूण त्याला चिकटणार, मग रंगांच्या प्रमाणावरून अँथ्रॅक्स की इबोला ते कळणार. कल्पना सुंदर आहे, वादच नाही. पण रामबागेत येईपर्यंत आम्ही कुठे असू?

गेल्या श्रावणात सौ.ना ताप आला. कोपऱ्यावरच्या लॅबने विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्तचाचणी, ‘पॉझिटिव्ह’ दिली, डॉक्टरांनी लगेच अँटिबायोटिक. ही विडाल १८९६ची. ती जंतू पाहतच नाही, रक्तातली प्रतिपिंडे पाहते; कधीकाळचा टायफॉइड किंवा लससुद्धा तिला पुरते. ताप हटेना, तेव्हा पाचव्या दिवशी कल्चरला, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायला, रक्त पाठवले. तोवर नऊ डोस पोटात गेलेले! रिपोर्ट ‘नो ग्रोथ’. म्हणजे टायफॉइड नव्हताच की औषधाने जंतू दबले, सांगणार कोण? कल्चर आधी, गोळी नंतर, हे मी मास्तर असून मला सुचले नाही, ते वेगळेच. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी बोटातून थेंबभर रक्त घेऊन काचेवर पसरून पाहिले. मलेरिया निघाला. म्हणजे विषाणू नाही, जिवाणूही नाही, तिसराच प्राणी. तो सापडला साध्या सूक्ष्मदर्शकाखाली. तोवर अकरा दिवस सौ. पेजेवर, आणि आमच्या घरात पोह्यांवर शेव पडली नव्हती, यावरून काय ते समजा.

तेव्हा कृपया एखाद्या रविवारी ‘ताप आला तर आधी कोणती तपासणी मागावी’ एवढेच छापा. नॅनो नंतर.

जाता जाता. आपला अंक इथे दुपारी येतो, ते सहन करतो. पण मराठी वर्तमानपत्रात ‘इंदौर’ का छापता? होळकरांपासून आम्ही इंदूरच म्हणतो. हिंदीतून बातमी उचलताना तेवढी मात्रा काढून ऊकार द्यायला कितीसा वेळ लागतो?

आपला,
एक निवृत्त शिक्षक
रामबाग, इंदूर