मृणूस, सॉल्ट लेक सिटीला

चि. मृणू,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तू केस मागे सारलेस आणि मनगटावरची प्लास्टिकची पट्टी दिसली. हॉस्पिटलात बांधतात ती. मी विचारलं, तू "काही नाही" म्हणालीस, माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. चुकलं माझं. आई तेव्हापासून माझ्याशी धड बोललेली नाही. आज दम्याचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

तुझा व्हिसा आला त्या दिवसापासून मी तुझ्या युटा राज्याचा इतिहास वाचतोय, हे तुला ठाऊक आहेच. २४ जुलै १८४७ ला ब्रिगहॅम यंग मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना घेऊन तुझ्या त्या खोऱ्यात उतरला. जमीन काही रिकामी नव्हती, युट आणि शोशोनी लोक कधीपासूनचे तिथले. सुरुवातीच्या उपासमारीच्या वर्षांत या नव्या लोकांनी सेगो लिलीचे कंद उकरून खाल्ले. स्थानिक लोक ते आधीपासून खात होते. तीन पाकळ्यांचं पांढरं फूल, १९११ पासून राज्यफूल. तू काय खातेस तिथे? परत पावच ना?

१८४८ मध्ये उभ्या पिकावर किड्यांची धाड आली. टोळधाडीसारखीच, पण हे किडे उडत नाहीत, चालत येतात. लोक झाडूने मारत होते, चरांत पाणी सोडून बुडवत होते. मग सरोवराकडून कुरव पक्ष्यांचे थवे आले आणि किडे फस्त करू लागले. तिथले लोक त्याला चमत्कार म्हणतात. आज तोच राज्यपक्षी आहे, नाव मात्र कॅलिफोर्निया गल. थंडीत हे पक्षी बहुतेक समुद्राकडे निघून जातात. त्यांना कळतं. डोंगरांच्या मधे गार हवा साचते, वर ऊबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर तिथेच कोंडतो. अशा हवेत तू सायकलवर कॉलेजला जातेस. मी रोज सकाळी तिथल्या हवेचा आकडा बघतो, काल तो लाल होता.

बघ, आलोच पुन्हा तिथे.

वाचताना सर्वांत अडकलो ते १८५६ च्या हातगाड्यांपाशी. सामान हातगाड्यांवर ओढत, तुझ्या त्या खोऱ्याकडे चालत येणारे मॉर्मनांचे दोन तांडे उन्हाळा सरत आल्यावर निघाले. आता उशीर झाला, पुढच्या वर्षी जाऊ, असं त्यांच्यातल्याच एका जाणत्या माणसाने बजावलं होतं. वायोमिंगमध्ये बर्फात सापडले, दोनशेच्या वर माणसं गेली. मृणू, तू डॉक्टरकडे किती वाजता गेलीस? धाप लागल्यावर लगेच, की रात्रभर उशीला टेकून बसल्यावर? दादाच्या लग्नात तू तेच केलंस. पाहुण्यांची गडबड नको म्हणून गप्प राहिलीस.

तू चार वर्षांची होतीस. पहाटे तीनला तुला मांडीवर उभी धरून मिरजेला नेत होतो, नानांच्या जीपमधून. प्रत्येक श्वासाला तुझ्या गळ्याखालची खळी आत ओढली जायची. माझं बोट त्या खळीवर होतं, कारण अंधारात दुसरं काही कळत नव्हतं. अंकलीच्या पुलावर तू म्हणालीस, "बाबा, रडू नका." ते बोट अजून तिथेच आहे गं.

माफ कर, उपदेश फार झाला. खरं तर मला अभिमान सांगायचा होता. त्या लोकांना आपल्या प्रदेशाचं नाव डेझरेट ठेवायचं होतं, म्हणजे मधमाशी. अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, १८५० मध्ये युट लोकांवरून युटा ठेवलं. पोळं मात्र राज्यमुद्रेवर राहिलं, २०२४ च्या नव्या झेंड्यावरही आहे. बोधवाक्य एकच शब्द, 'उद्योग'. ४ जानेवारी १८९६ ला ते पंचेचाळिसावं राज्य झालं आणि त्याच वर्षी डॉ. मार्था ह्यूज कॅनन तिथल्या सिनेटवर निवडून आल्या. त्याच निवडणुकीत त्यांचे यजमान उभे होते, ते पडले. हे आईला वाचून दाखवलं, तेव्हा ती कालपासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, आपल्या मृणूसारखीच. शिष्यवृत्तीचं पत्र अजून देवघरात आहे, ती काढू देत नाही.

औषधाचे पंप दोन ठेव, एक सायकलच्या पिशवीत. आणि पुन्हा असं झालं तर रात्री कितीही वाजता फोन कर. इकडे दिवसच असतो.

ती पट्टी काढलीस का? ओढू नकोस, कातडी सोलते. कात्रीने काप.

तुझा,
बाबा